जुनी बंदूक पारखताना या चुका टाळा

खंडेनवमी जवळ आली की माझा फोन वाजायला लागतो. "दादा, माळ्यावर पणजोबांची बंदूक सापडली. शिवकालीन आहे. किती येतील?" फोटो बघावा तर कानावर, म्हणजे बार पेटवायच्या छिद्रावर, ठोक्याने पेटणारी टोपी बसवायचं बोंडूक. ठोक्याने पेटणाऱ्या दारूचं पेटंटच १८०७ चं, आणि महाराज गेले १६८० साली. पुढचा हिशेब तुमचा तुम्ही करा.

किमतीआधी एक काम. गज नळीत सोडा, तोंडाशी बोटाने खूण करा, मग तोच गज बाहेरून नळीला लावून कानापर्यंत पोचतो का बघा. चार बोटं कमी भरला तर आत बार ठासलेला असू शकतो. तिथेच थांबा आणि परवानाधारक कारागीर गाठा. नळीत डोळा घालून बघणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आता माझं जुनं दुखणं, म्हणजे घासणं. जुळे सोलापुरात ओळखीच्या घरी कंपनी सरकारची ठासणीची बंदूक होती. चापाच्या, म्हणजे बार पेटवणाऱ्या यंत्रणेच्या, पट्टीवर पुसटसा बदाम, त्याच्या चार घरांत व्ही, ई, आय, सी ही अक्षरं आणि डोक्यावर ४ चा आकडा. ईस्ट इंडिया कंपनीचा हा जुना शिक्का. १८०८ च्या सुमारास त्याच्या जागी सिंह आला, म्हणजे निदान पट्टी तरी त्याआधीची. मी बजावून आलो होतो, हात लावू नका. नवमीला पूजेला गेलो तर बंदूक स्टीलच्या पातेल्यासारखी लखलखत होती! थोरल्या पोराने ड्रिलला तारेचा ब्रश लावला होता, वरून पॉलिश पेपर. "काका, नवी वाटते ना?" वाटत होती, हीच तर भानगड. बदामाची जेमतेम अर्धी कड उरली होती. दोनशे वर्षांचा तपकिरी थर एका दुपारी गेला, आणि तो कुठल्या बाटलीत मिळत नाही. ज्यांना ती घ्यायची होती त्यांनी नवे फोटो बघून पुन्हा फोन केला नाही.

मी शिवणयंत्राचं तेल लावतो, रात्रभर ठेवतो, सकाळी जुन्या धोतराच्या फडक्याने पुसतो. हेच आठवडाभर. घाई असणाऱ्यांनी पितळी तांबे जमवावेत.

पट्टीवरचं साल म्हणजे बंदुकीचं वय, असं समजू नका. ते चापाचं साल असतं, आणि चाप बदलले जात. मुकुटाखाली 'व्हीआर' आणि शेजारी १९१३ असेल तर हसून परत द्या, कारण व्हिक्टोरिया राणी १९०१ सालीच वारली. खैबरकडच्या नकलांत इंग्रजी 'एन' उलटा कोरलेलाही सापडतो.

दस्त्याला वॉर्निश मारू नका. सुटलेला स्क्रू फेकू नका.

अस्सल माल बघायचा तर अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार बघून या.

'जुनी आहे, परवाना कशाला' हेही चालत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली सूट दुरुस्त करूनही न उडणाऱ्या जुन्या हत्यारालाच आहे. आणि परदेशी गिऱ्हाईक शोधणाऱ्यांनी १९७२ चा पुरावस्तू कायदा वाचावा.

यंदा पूजा झाली की कुंकू त्याच संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसा. ओलं कुंकू रात्रभर राहिलं की त्याखाली गंज धरतो, आणि मग तुमचा पोरगा ड्रिल शोधतो.