स्टेबलकॉइन घेण्याआधी वखार तपासा

परभणीचा माझा पुतण्या परदेशी गिऱ्हाइकांच्या वेबसाइट बनवतो. एकदा म्हणाला, "काका, आता पैसे यूएसडीटीत मिळणार. डॉलरच समजा." यूएसडीटी म्हणजे स्टेबलकॉइन, एक नाणं एका डॉलरला टिकेल असं सांगून काढलेलं क्रिप्टो नाणं. मी म्हटलं, डॉलर नाही बाबा, डॉलरची पावती. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव पडला की लोक माल वखारीत टाकून पावती घेतात ना, तशी. आत पोती असतील आणि मागितल्यावर मिळतील, तरच त्या कागदाला किंमत.

पहिलं काम, पावती कुणाची ते बघा. ज्या ॲपवरून नाणं घेता तो अडत्या. वखार वेगळी: यूएसडीटी टेथर कंपनीचं, यूएसडीसी सर्कलचं. नाणं काढणारी कंपनी कोणत्या देशात नोंदलेली आहे हेच सापडत नसेल, तर पुढचं वाचायची गरज नाही.

मग आत काय ठेवलंय ते बघा. कंपनीच्या संकेतस्थळावर राखीव निधीचा अहवाल असतो. रोकड आणि अमेरिकी सरकारचे अल्पमुदतीचे रोखे म्हणजे सुकी, निवडलेली पोती. दिलेली कर्जं किंवा दुसरी क्रिप्टो नाणी दिसली, तर तो ओला माल. टेरायूएसडीचा मुख्य आधार लूना हे त्याच घरचं दुसरं नाणं होतं; मे २०२२ मध्ये दोन्ही काही दिवसांत मातीमोल झाली. रोकड कोणत्या बँकेत आहे हेही वाचा. मार्च २०२३ मध्ये सर्कलचे ३.३ अब्ज डॉलर सिलिकॉन व्हॅली बँकेत अडकले आणि एक डॉलरचं यूएसडीसी ९० सेंटच्याही खाली गेलं. अमेरिकी सरकारने ठेवीदारांची हमी घेतल्यावर ते सावरलं.

आता मोजणी कुणी केली, आणि कशी. इथे घाई करू नका. बहुतेक कंपन्या दाखवतात तो ठराविक दिवसाचा दाखला असतो. वर्षभराचं लेखापरीक्षण वेगळं. फरक किती पडतो ते टेथरच्याच प्रकरणात दिसलं. सप्टेंबर २०१७ मध्ये पडताळणीच्या दिवशी सकाळीच बिटफिनेक्स या भावकीतल्या एक्सचेंजकडून (क्रिप्टो नाण्यांच्या खरेदी-विक्रीचा बाजार) ३८ कोटींवर डॉलर टेथरच्या खात्यात आले, असं न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाच्या, तपासात निघालं. तपासनीस यायच्या आधी शेजारच्या गोदामातून पोती आणून रचावीत, तसं! दुसऱ्या एका अमेरिकी नियामकाने २०२१ मध्ये ४.१ कोटी डॉलरचा दंड लावला. टेथरने तो भरला, दोष मात्र कबूल केला नाही. म्हणून एका अहवालावर जाऊ नका, मागचे चार-पाच लागोपाठ वाचा.

पोती मागायला गेलात तर दार तुम्हाला उघडतं का? टेथरने थेट परताव्यासाठी किमान एक लाख डॉलरची अट ठेवलेली आहे. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्याने बाजारात मिळेल त्या भावाला विकायचं.

परवाना कंपनीच्या जाहिरातीत नका बघू, नियामकाच्या यादीत शोधा. युरोपात मायका या क्रिप्टोसाठीच्या कायद्याचे स्टेबलकॉइनचे नियम ३० जून २०२४ पासून लागू आहेत. अमेरिकेत जीनियस या स्टेबलकॉइनसाठीच्या कायद्यावर १८ जुलै २०२५ रोजी सही झाली. त्यात पूर्ण राखीव निधी आणि दरमहा अहवालाची सक्ती आहे. नाणं काढणाऱ्याने व्याज द्यायचं नाही, असंही त्यात आहे. हे कलम मला फार आवडलं. जास्त व्याजाच्या नादात मल्टिस्टेटमध्ये ठेव अडकलेला माणूस आहे मी.

भारतात एक्सचेंजला एफआययू या केंद्र सरकारच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी लागते, पण ती काळ्या पैशावर नजर ठेवण्यासाठी. तुमच्या पैशाची हमी नव्हे. बँकेतल्या ठेवीला असतो तो पाच लाखांचा विमाही इथे नाही. नफ्यावर ३० टक्के कर मात्र आहे.

पुतण्याने एका रात्री बसून हे सगळं वाचलं आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, बँकेतूनच पाठवा. पैसे दोन-तीन दिवस उशिरा येतात, आणि त्यावरून तो अजून माझ्यावर कुरकुरतो.