जुना जपानी कॉपी बेस: घेताना आणि दुरुस्त करताना या चुका टाळा

1970 च्या दशकात जपानमध्ये, विशेषतः नागानो प्रांतातल्या मात्सुमोतोच्या कारखान्यांत, फेंडर, गिब्सन आणि रिकनबॅकर या अमेरिकन कंपन्यांच्या नावाजलेल्या बेस गिटारच्या हुबेहूब नकला तयार होत होत्या. त्यातले कितीतरी बेस आज पन्नाशीला आलेत आणि अजून झकास वाजतात. माझ्याकडे फेंडरच्या 'जॅझ बेस' मॉडेलची एक कॉपी आहे आणि माझा तिच्यावर जीव आहे. म्हणून कळकळीने सांगतो, या बेसचं नुकसान वयापेक्षा आपल्या हातूनच जास्त होतं. आपण त्याला अमेरिकन बेस समजून हत्यार लावतो, आणि तिथेच चुकतं.

माझंही तेच झालं. नेकला, म्हणजे बेसच्या लांब मानेला, थोडा बाक होता, हाताशी 3/16 इंची एलन की (षटकोनी चावी) होती, ती ट्रस रॉडच्या, म्हणजे नेकचा बाक कमी-जास्त करणाऱ्या आतल्या सळीच्या, नटला लावली. बसली, पण किंचित सैल. 3/16 इंच म्हणजे 4.76 मिलिमीटर आणि तो नट होता 5 मिलिमीटरचा. जोर दिल्याबरोबर की फिरली, नट जागच्या जागी, आणि आतले कोपरे गोल झाले. नशीब, नट सुटा निघणारा होता, कारागिराने बदलून दिला. जपानी बेसला मेट्रिकच हत्यार लावा. तारा थोड्या सैल करा, एका वेळी पाव फेराच फिरवा, मग पुन्हा सुरात लावून बघा. जड जात असेल तर थांबा. बाक मोजायला जाडी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली साधारण 0.3 मिलिमीटर फट दिसली की नेक ठीक आहे, त्याला हात लावू नका. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या दमट हवेत नेक थोडा हलतो, त्यामुळे जुलैत दिसलेला बाक नोव्हेंबरपर्यंत आपोआप कमीही होऊ शकतो.

मापाचा हाच घोळ सुट्या भागांतही होतो. अमेरिकन पॉटचा (आवाज-टोनच्या बटणाखालचा फिरणारा भाग) आटे असलेला भाग सुमारे 9.5 मिलिमीटरचा असतो, जपानी पॉटचा त्याहून बारीक. त्यामुळे लोक पॉट बसवलेल्या कंट्रोल प्लेटचं भोक कानशीने मोठं करतात, आणि मूळ पॉट परत बसवायचा रस्ताच बंद होतो. तारांचं कंपन पकडून त्याचा विजेचा सिग्नल करणाऱ्या पिकअपचंही तसंच. फेंडरच्या जॅझ बेसमध्ये ब्रिजकडचा (बॉडीवर तारा टेकतात तिकडचा) पिकअप नेककडच्यापेक्षा सुमारे 2 मिलिमीटर लांब असतो, कॉपीत मात्र अनेकदा दोन्ही सारखेच. लाकूड कोरण्याआधी खाच मोजा. आणि मुळात पिकअप बदलायची गरज आहे का, ते तपासा. आवाज येत नसेल तर पिकअपची सिग्नलची वायर पॉटवरून सोडवून मल्टिमीटर लावा. काही किलो-ओहम दिसले तर पिकअप जिवंत आहे, दोष केबलचा जॅक, पॉट किंवा सुटलेल्या सोल्डरचा. मीटर काहीच दाखवत नसेल तरच आतली तार तुटलीय. आणि नुसती खरखर असेल तर पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पंचवीस-तीस वेळा फिरवा. गंज काढायचा तेलकट स्प्रे तिथे नको.

तारांना हात लावल्यावर घूं आवाज कमी होतो, हा बिघाड नाही. अर्थिंग जोडलेलं आहे, हीच ती खूण. हात लावूनही काही फरक पडत नसेल तर ब्रिजखाली जाणारी वायर बघा. बहुतेक वेळा ती ब्रिजखालून निसटलेली असते.

नेक काढलात आणि खोबणीत जुनं व्हिजिटिंग कार्ड किंवा लाकडाची पातळ चकती सापडली, तर कचरा समजून फेकू नका. नेकचा कोन साधायला ती कुणीतरी मुद्दाम ठेवलेली असते. ती काढली की तारा वर येतात आणि ब्रिजवरचे सॅडल (तारेची उंची ठरवणारे तुकडे) अगदी तळाला नेऊनही खाली उतरत नाहीत. स्क्रूचे आटे गेले असतील तर कठीण लाकडाची काडी लाकडाच्या गोंदाने भोकात बसवा आणि एक रात्र वाळू द्या. 1970 च्या दशकातल्या सुरुवातीच्या कॉपींची बॉडी पुष्कळदा प्लायवूडची असते, तिथे लांब स्क्रू ठोकून बसवला तर थर फुटतात.

विकत घेताना 'लॉसूट बेस', म्हणजे 'खटल्यातला बेस', हा शब्द ऐकून जादा पैसे देऊ नका. तो खटला 1977 मध्ये गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिनने आयबनेझच्या अमेरिकन वितरकावर, एल्गरवर, केला होता. वाद होता हेडस्टॉकच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाच्या, आकाराचा, आणि 1978 मध्ये तो तडजोडीने मिटला. फेंडरच्या नकलांचा त्याच्याशी संबंध नव्हता. हेडस्टॉकवरचं नावही फार मनावर घेऊ नका. एकाच कारखान्यातला बेस आयातदाराप्रमाणे वेगवेगळ्या नावांनी विकला जायचा, आणि अनेकांवर सिरियल नंबरच नसतो. त्यापेक्षा नेकची सरळ रेघ आणि फ्रेटची झीज डोळ्यांनी बघा.

हॉफनर या जर्मन कंपनीच्या व्हायोलिनच्या आकाराच्या बेसची नक्कल असेल तर आणखी एक. त्याचा लाकडी ब्रिज नुसता तारांच्या दाबावर उभा असतो. चारही तारा एकदम काढल्या की तो हलतो आणि सूर कुठल्याच फ्रेटवर जुळत नाहीत. आधी त्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून पेन्सिलने खूण करा आणि तारा एकेक करून बदला. नंतर बारावा फ्रेट दाबून वाजवा आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून वाजवलेला सूर) ऐका. दाबलेला सूर चढा आला तर ब्रिज मागे सरकवा, उतरलेला आला तर पुढे. एका वेळी एक मिलिमीटरसुद्धा जास्त होतो.