एमबीबीएस करताना दोन महिन्यांचा रिसर्च प्रोजेक्ट घ्यायचा की नाही, हे कसं ठरवायचं

दरवर्षी सेकंड इयरची पोरं येऊन विचारतात, "दादा, एसटीएस भरू का?" आणि दरवर्षी त्यांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं की भरून टाक, सीव्ही चांगला होतो. हा सल्ला ऐकला की मला खरंच राग येतो, तो सीव्ही दाखवणार कुणाला हे कुणी विचारतच नाही. (एसटीएस म्हणजे आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, १९७९ पासून चालू आहे, गाईडच्या हाताखाली दोन महिन्यांचा छोटा प्रोजेक्ट.)

तर आधी हे बघा की पुढे काय करायचंय. नीट पीजीला, म्हणजे एमडी-एमएसच्या प्रवेश परीक्षेला, रँक चालतो, रिसर्चचा एक मार्क मिळत नाही. अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे तिथलं पीजी ट्रेनिंग, करायची असेल तर अर्जात रिसर्च विचारतात, तिथे उपयोग आहे. आणि यातलं काहीच नाही पण वॉर्डात एखादा प्रश्न डोक्यातून जातच नाहीये, तर नक्की घ्या, माझ्या मते हेच सगळ्यात चांगलं कारण.

एमयूएचएसची, म्हणजे आपल्या आरोग्य विद्यापीठाची, परीक्षा त्याच दोन महिन्यांत येत असेल तर विषय संपला.

गाईड मोठ्या नावाचा नको, रोज ओपीडीत भेटणारा हवा.

आता खरी अडचण. पेशंट मोजणे. मी इथेच फसलो होतो. डायबेटिक पेशंट पायाची काळजी कशी घेतात असा विषय होता, किती पेशंट लागतील हे काढायला पीएसएममध्ये (सार्वजनिक आरोग्याचा विषय) शिकवतात तो ४पीक्यू भागिले डी वर्ग फॉर्म्युला लावला, पी म्हणजे काळजी घेणाऱ्यांचं अंदाजे प्रमाण ५० टक्के, क्यू म्हणजे उरलेले ५०, डी म्हणजे उत्तरात चालणारी चूक, एरर, १० टक्के, उत्तर १००. ओपीडीत तर पाय ठेवायला जागा नसते, १०० कुठे अवघड, असं वाटलं. पण डायबेटिसची ओपीडी आठवड्यातून एकच दिवस, म्हणजे दोन महिन्यांत आठ-नऊ दिवस, त्यातले दोन सुट्टीत गेले, निम्मे चेहरे गोळ्या न्यायला परत आलेले तेच, आणि एका फॉर्मला २५ मिनिटं लागायची तोवर गावाकडची माणसं एसटी चुकेल म्हणून उठून जायची. शेवटी ३७ झाले. रिपोर्ट लिहिताना रात्र रात्र झोप नव्हती.

म्हणून अर्ज भरायच्या आधी सिस्टरांना विचारून ओपीडीचं रजिस्टर घ्या, गेल्या वर्षीचे तेच दोन महिने उघडा आणि फक्त नवीन पेशंट बोटाने मोजा. समजा आठ दिवस, रोज १२, म्हणजे ९६. याचे निम्मे धरा, ४८. निम्मेच धरा, "मी जास्त मेहनत घेईन" म्हणून वाढवू नका, पेशंट मेहनतीने वाढत नाहीत. आता एरर १५ टक्के धरली तर ४५ पुरतात, म्हणजे जमतंय, पण उत्तर ढोबळ येणार, ते चालेल का हे गाईडला तेव्हाच विचारा. चालत नसेल तर प्रश्न बदला, जुन्या केस पेपरवरून होणारा घ्या.

एथिक्स कमिटीचं, म्हणजे पेशंटवरच्या रिसर्चला परवानगी देणाऱ्या कॉलेजच्या समितीचं, पत्र हातात येईपर्यंत एकाही पेशंटला फॉर्म देऊ नका, गाईड "चालू कर रे" म्हणाले तरी नाही. कन्सेंट फॉर्म (पेशंटच्या संमतीचा) मराठीतला आधीच लिहून कमिटीकडून पास करून घ्या. एका मावशींनी माझा फॉर्म हातात धरून विचारलं होतं, "सही कशाला बाळा, पाय कापणार का?" त्यांच्या शेजारी बसून एकेक ओळ वाचून दाखवली तेव्हा कळलं की मी लिहिलेलं मराठी कुणालाच समजत नव्हतं.

स्टायपेंड रिपोर्ट मंजूर झाल्यावर मिळतो, त्याच्या भरवशावर मेसचे पैसे ठेवू नका.

आणि रजिस्टर मोजून आकडा बसतच नसेल तर गाईडकडे जाऊन सरळ सांगा, सर यावर्षी नाही. एका ज्युनिअरला मीच असं सांगायला पाठवलं होतं, घाबरत गेली, सरांनी रजिस्टरचा कागद बघितला आणि म्हणाले पुढच्या वर्षी दुसऱ्या विषयावर ये. पुढच्या वर्षी तिने त्याच सरांकडे प्रोजेक्ट केला.