कॉफीचं पाणी झाडं मोजून ठरवू नका

‘झाडाला रोज किती लिटर?’ केळी-डाळिंबाच्या ठिबकची सवय असलेले शेतकरी कॉफीबद्दलही आधी हेच विचारतात. पहिली चूक इथेच होते.

पाणी उडतं पानांतून, आणि किती उडणार हे त्या पानांवर पडणारं ऊन आणि हवेतला कोरडेपणा ठरवतो. रोबस्टा आणि अरेबिका या कॉफीच्या दोन जाती. रोबस्टा १० बाय १० फुटांवर लावली तर एकरी ४३५ झाडं बसतात, अरेबिका ६ बाय ६ वर १२१०. बाग भरून फांद्या एकमेकींना भिडल्या की दोन्हीकडे एकराची गरज जवळपास सारखीच. समजा रोज ४ मिलिमीटर पाणी उडतंय. म्हणजे एकरी सुमारे १६ हजार लिटर. तेच झाडांवर वाटलं की रोबस्टाला ३७ लिटर येतात, अरेबिकाला १३. शेजाऱ्याचा ‘झाडामागे इतके लिटर’ हा आकडा लागवडीचं अंतर न विचारता उचलला, तर पाणी तिप्पट तरी जाईल किंवा तिसरा हिस्साच पडेल.

पहिली दोन-तीन वर्षं मात्र गणित वेगळं. तेव्हा दाट लागवडीत पानोरा लवकर वाढतो, म्हणून एकरी पाणीही जास्त लागतं. मधली मोकळी जमीन पालापाचोळ्याने झाका. तण राहू दिलं तर तेही पितं: जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या तक्त्यात भरात आलेल्या कॉफीचा पीक गुणांक (हवामानावरून काढलेल्या प्रमाण गरजेच्या किती पट पाणी पीक पितं तो आकडा) तणाविना ०.९५ आहे, तणासह १.१०.

सगळ्यात महागात पडणारी चूक होते फुलोऱ्याच्या वेळी. डाळिंबाचा आंबे बहार धरणाऱ्याला ताण देणं, म्हणजे काही काळ पाणी तोडणं, शिकवायला नको, कॉफीलाही तो लागतो. ब्राझीलच्या सेराडो पठारावर सिंचनाच्या बागांना सुमारे ७० दिवस पाणी तोडतात, म्हणजे फूल एकदम येतं आणि फळही एकदम पिकतं. बारमाही थोडं थोडं पाणी दिलं की फूल तुकड्यातुकड्याने येतं आणि तोडणीच्या मजुरीत सगळं जातं.

कर्नाटकातल्या कोडगूत रोबस्टाचा ताण फेब्रुवारी-मार्चमध्ये तुषार सिंचनाने तोडतात. तेव्हा एक ते दीड इंच पाणी एका दमात द्यायचं. दीड इंच म्हणजे एकरी दीड लाख लिटर. तळ्यात तेवढं नसेल तर सगळ्या बागेला अर्धं अर्धं वाटू नका. निम्म्याच बागेला पुरं द्या. अर्धवट पाण्यावर कळी फुगते, पण उमलायला ओल उरत नाही आणि ती वाया जाते. नोझलांच्या मध्ये सरळ काठाचे रिकामे डबे ठेवा आणि पट्टीने पाणी मोजा. दुपारच्या वाऱ्यात एका बाजूचे डबे जवळपास कोरडे निघतात. रात्री किंवा पहाटे चालवा.

आठवड्याभरात फूल उमलतं. त्या दिवशी तुषार बंदच ठेवा. रोबस्टाला स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या झाडाचा वारा-मधमाश्यांनी यावा लागतो आणि पाण्याने तो धुऊन जातो. पुढचं पाणी पाऊस आला नाही तर १५-२० दिवसांनी.

भर दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच पंप लावू नका. कोरड्या हवेत कॉफी पानांची छिद्रं मिटून घेते. संध्याकाळी पान सावरतंय का पाहा, फूटभर खोल माती उकरून मुठीत दाबा. गोळा झाला तर त्या दिवशी पाणी नको. सकाळीही पान लोंबतंच असेल आणि माती भुसभुशीत सुटत असेल, तर थांबू नका.