गंजलेलं सिलिंडर हेड: घरी किती करायचं आणि मशीन शॉपला काय द्यायचं, त्याची तयारी

इंजिनावरचं हेड उतरवलंय, लालभडक गंज दिसतोय आणि हात आपोआप तारेच्या ब्रशकडे चाललाय, तर जरा थांबा, आधी एक मॅग्नेट घ्या. चिकटलं तर हेड बिडाचं, नाही चिकटलं तर ॲल्युमिनियमचं, आणि पुढचं सगळं यावरच ठरतं कारण कॉस्टिकचं गरम पाणी बिडाला चालतं पण ॲल्युमिनियमला अक्षरशः खाऊन टाकतं. ॲल्युमिनियमवर तांबडा गंज येतच नाही, पांढरी भुकटी येते आणि पाण्याच्या भोकांच्या कडा पोखरल्या जातात, त्यावर वेल्डिंग करून फेस (हेड ब्लॉकवर टेकतं ती सपाट बाजू) मशीनवर सपाट करणं हा उपाय, म्हणजे ते थेट शॉपचंच काम. खालचं सगळं बिडाच्या हेडसाठी.

मग गंज कुठे आहे ते नीट बघा. बाहेरून आणि पाण्याच्या वाटांत असेल तर फार घाबरायचं नाही, जुन्या बिडात तो असतोच. पण ज्वलनकक्षात आणि व्हॉल्व्हच्या सीटवर (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती कडा) असेल तर आत पाणी शिरलंय किंवा ओल साचून राहिलीये, अशा वेळी नुसतं हेड बघून भागत नाही, खाली बोअर (पिस्टन चालतो तो सिलिंडर) पण बघा.

खोलताना लागणाऱ्या वस्तू आधी जमवा: स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर, डोळ्यांना गॉगल (स्प्रिंग धरून ठेवणारा लॉक सुटला की गोळीसारखा उडतो), आणि एक जाड पुठ्ठा. पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबर टाका आणि प्रत्येक व्हॉल्व्ह, पुशरॉड ज्याच्या त्याच्या जागी खोचा, कारण हे भाग एकमेकांशी घासून बसलेले असतात, अदलाबदल झाली तर सगळी बैठक बिघडते. गंजाने व्हॉल्व्ह गाईडमध्ये (त्याची दांडी सरकते ती नळी) अडकला असेल तर हातोडा नको, पेनिट्रेटिंग ऑइल सोडून रात्रभर ठेवा, परत सोडा, परत ठेवा. स्टेम (व्हॉल्व्हची दांडी) वाकला की तो व्हॉल्व्ह गेलाच, वर गाईडही जाते.

आता गंज काढणं. घरी सगळ्यात सोयीचं म्हणजे इलेक्ट्रोलिसिस. प्लास्टिकचा टब, साधारण चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, आणि बॅटरीचा साधा जुना चार्जर, कारण नवे ऑटोमॅटिक चार्जर समोर बॅटरी नसेल तर बहुतेक वेळा चालूच होत नाहीत. निगेटिव्ह हेडला, पॉझिटिव्ह साध्या लोखंडाच्या पत्र्याला, हे उलटं झालं तर पत्र्याऐवजी तुमचं हेडच झिजत जाईल. पत्रा स्टेनलेसचा अजिबात नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. बारीक बुडबुडे यायला लागले की काम चालू आहे समजा, पण तो हायड्रोजन आहे, तेव्हा उघड्यावर करा, जवळ ठिणगी नको, पाण्यात हात घालायच्या आधी चार्जर बंद. पत्र्याच्या समोर जो भाग येतो तोच नीट साफ होतो म्हणून हेड फिरवत राहायचं, आणि पाण्याच्या वाटांच्या आतला गंज यात फारसा निघत नाही हे धरूनच चाला. बाहेर काढल्यावर वर काळा गाळ असतो तो ब्रशने सहज सुटतो, मग लगेच गरम पाणी, हवा मारून सुकवणं आणि तेलाचा हात, कारण उघडं बीड बघता बघता परत तांबूस होतं. व्हिनेगरमध्ये बुडवणारेही आहेत, पण स्प्रिंगा त्यात टाकू नका, आम्लाने कडक पोलाद ठिसूळ होतं.

गॅस्केट बसते त्या फेसवर ड्रिलला लावलेली पॉलिश पेपरची चकती फिरवायची नाही म्हणजे नाही. चकाकतो छान, पण मध्येच खळगे पडतात, आणि चकतीची बारीक पूड तेलाच्या भोकात गेली तर बेअरिंग खाते. ब्लेड आडवं धरून खरवडा, वेळ लागू दे.

लॅपिंगच्या (पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवण्याच्या) आधी तडा बघा, मागून नाही. लाल डाय आणि पांढऱ्या डेव्हलपरचा स्प्रे घरीही मारता येतो (तड्यातला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो), दोन सीटच्या मधली पट्टी आणि प्लगच्या भोकाकडचा भाग खास बघा. मग फेस वाकलाय का बघायला स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खालून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्या) सरकवा, बऱ्याच हेडांना मर्यादा 0.05 ते 0.1 मिलिमीटरच्या आसपास असते पण मॅन्युअलमधला आकडाच खरा. व्हॉल्व्ह थोडा उचलून हलवला आणि खुळखुळला तर गाईड झिजलीये, आणि ती तशीच ठेवून लॅपिंग करण्यात अर्थ नाही. सीटवर खोल खड्डे असतील तरी ग्राइंडिंग पेस्टने ते जात नाहीत, घासत बसलात तर व्हॉल्व्ह खाली बसत जातो. बारीक डाग असतील तेवढेच घरी, एकसंध करडी रिंग दिसली की थांबा, पेस्ट पुसून नाही तर धुऊन काढा, आणि पोर्टमध्ये रॉकेल ओतून खाली पाझरतंय का बघा.

तडा, वाक, गाईड, सीट यातलं एकही निघालं तर शॉप, आणि माझं तर म्हणणं शॉपला जाणारच असेल तर घरी चकचकीत करण्यात रविवार घालवू नका, त्यांच्याकडे तसंही परत धुतात. देताना व्हॉल्व्ह नंबरासकट द्या. सांगायचं असं की आधी धुणं आणि प्रेशर टेस्ट (दाब देऊन गळती बघणं), निकाल कळवा, मगच पुढचा खर्च. सीट 30, 45, 60 अशा तीन अँगलने कापणार का, फेस किती घासून उडवणार आणि हेडची किमान जाडी शिल्लक राहते का, हे विचारून लिहून घ्या, कारण फेस उडवला की कॉम्प्रेशन वाढतं आणि व्हॉल्व्ह-पिस्टनमधलं अंतर कमी होतं.

हेड परत आलं की तेलाच्या आणि पाण्याच्या वाटा स्वतः एकदा धुवा, लोखंडी कीस राहिलेला असतो. कोअर प्लग (पाण्याच्या वाटांची बाहेरची झाकणं) आणि स्टेम सील नवेच टाका. ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांतलं पाणी-तेल काढायला मात्र विसरू नका, खाली बंद असलेल्या भोकात पाणी राहिलं आणि वरून बोल्ट आवळला तर ब्लॉकलाच तडा जाऊ शकतो.