सुट्टीच्या दिवसांत कादंबरीमालिका लिहिताना

घर माणसांनी भरलेलं असताना नवं प्रकरण रेटून पुरं करण्याचा हट्ट धरू नका. मालिका लिहिणाऱ्याजवळ त्याहून सोयीचं एक काम कायम पडून असतं: मागच्या भागांची नोंदवही. कोणाचं वय किती, व्रण कोणत्या हातावर, कोण कोणाला अरे-तुरे करतं, कोणतं गुपित कोणाला कुठल्या प्रकरणात कळलं, हे जुन्या भागांतून उतरवून काढायचं. यासाठी सलग तंद्रीची गरज नसते. २० मिनिटं मिळाली तरी एखादं प्रकरण चाळून होतं, मध्येच कुणी हाक मारली तरी बिघडत नाही. ‘कोणाला काय माहीत आहे’ हा रकाना मात्र टाळू नका. डोळ्यांचा रंग चुकला तर वाचक हसून सोडून देतो (काही जण पत्र लिहितात, ते वेगळं). पण दुसऱ्या भागात नायिकेला कळलेलं गुपित चौथ्या भागात तिला नव्याने कळलं, तर कथानकच कोसळतं.

सुट्टी लागण्याआधीचं शेवटचं लेखन प्रसंग संपवून थांबवू नका. संवाद अर्ध्यावर असताना उठा आणि खाली दोन ओळी खरडून ठेवा: आता कोण बोलणार, त्याला काय हवंय. परतल्यावर कोऱ्या पानाशी झटापट होत नाही.

घरच्यांना ‘जमेल तसं लिहीन’ असं मोघम सांगण्यापेक्षा सकाळची ठरावीक वेळ सांगा. हस्तलिखिताची मुदत सुट्टीच्या आसपास येत असेल तर संपादकाशी आधीच बोलून घ्या. तेही रजेवर जाणार असतात.