साताऱ्याला येताय? आमच्या पाहुण्यांनी केलेल्या या चुका टाळा

आमचा नऊ जणांचा कंपू आहे. सगळे फिरतीच्या नोकरीतले. कुणी बियाण्यांच्या कंपनीत, कुणी औषधांच्या, एक जण वजनकाटे दुरुस्त करतो. महिन्यातले पंधरा दिवस तरी घराबाहेर. वर्षातून तीन-चारदा आम्ही कुणा एकाच्या गावी जमतो. जेवणं झाली की प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या, हा ठरलेला रिवाज: नव्यानं आवडलेलं ठिकाण, प्रवासात झालेली फजिती आणि आपल्या गावाची अशी एखादी खूण, जी बाहेरच्याला सहसा कुणी सांगत नाही.

मी साताऱ्याचा. इतक्या वर्षांत साताऱ्यात झालेल्या फजित्या ऐकून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. लोक इथे किलोमीटर मोजून येतात आणि तिथेच फसतात. पंचवीस किलोमीटर म्हणजे अर्धा तास, हा हिशेब हायवेला ठीक. यवतेश्वरच्या घाटात श्रावणातलं धुकं उतरलं की त्याच पंचवीस किलोमीटरला दीड तास लागतो. साताऱ्याचा बेत आखताना महिना कोणता, वार कोणता आणि घरून किती वाजता निघणार, हे आधी ठरवा. अंतर त्यानंतर बघा.

कास, ठोसेघर, सज्जनगड एकाच दिवसात

ही चूक सगळ्यांत जास्त वेळा होते. कासचं फुलांचं पठार, ठोसेघरचा धबधबा आणि सज्जनगड किल्ला ही तिन्ही ठिकाणं नकाशावर साताऱ्याच्या पश्चिमेला जवळजवळ दिसतात, म्हणून लोक ती एका दिवसात बसवतात. पण कासचा रस्ता यवतेश्वरवरून वर चढतो आणि सज्जनगड-ठोसेघरचा रस्ता शहरालगतच्या बोगद्याकडून वेगळा फुटतो. एक करून दुसरीकडे जायचं म्हणजे बहुतेकांना पुन्हा शहरात खाली उतरून नव्यानं चढावं लागतं. दोन्हीकडे जाऊन-येऊन साधारण पन्नास-पन्नास किलोमीटर, तेही घाटाचे.

त्यामुळे जोड्या लावून घ्या. एक दिवस कास, कास तलाव आणि वेळ उरला तर पुढे जलाशयाकाठचं बामणोली. दुसरा दिवस सज्जनगड, ठोसेघर आणि पुढे चाळकेवाडीच्या पवनचक्क्या. सज्जनगड सकाळी करा. पायऱ्या उन्हाच्या आत चढून होतात, समर्थांच्या समाधीचं दर्शन शांतपणे होतं आणि दुपारच्या महाप्रसादापर्यंत थांबलात तर गव्हाची खीर पानात पडते. ती खाऊन मग ठोसेघरकडे निघा. एकच दिवस हाती असेल तर एकच बाजू निवडा. दोन्ही बाजू धावत केलेल्यांकडून मी एकच तक्रार ऐकली आहे, दिवसभर गाडीतच बसलो.

घाट उतरताना ब्रेकवर पाय

याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं आहे आणि त्या दिवशी गाडीत दोन लहान मुलं होती.

नागपूरचा आमचा एक मित्र कुटुंबाला घेऊन आला होता. नवी ऑटोमॅटिक गाडी, भरपूर सामान. कासहून परतताना गाडी तोच चालवत होता, मी शेजारी. यवतेश्वरच्या खाली तिसऱ्या की चौथ्या वळणाला जळका वास यायला लागला. आधी वाटलं, बाहेर कुणी टायर जाळत असेल. मग तो म्हणाला, "ब्रेक नीट लागत नाहीये रे." पेडल मऊ पडून खाली जात होतं. सपाट मुलखात वाढलेल्या ड्रायव्हरला उतारावर ब्रेक दाबून धरायची सवय असते, आणि गाडी डी वर ठेवली की उतारावर सगळा भार ब्रेकवरच येतो. सुदैवानं वेग कमी होता. गिअर खाली घेत डोंगराच्या बाजूला गाडी कशीबशी थांबली. पुढच्या डाव्या चाकातून धूर येत होता.

मित्रानं पाण्याची बाटली उघडली तेवढ्यात मागून आलेला टेम्पोवाला थांबला आणि खिडकीतूनच ओरडला, "ओ पाव्हणं, पाणी नका ओतू! डिस्क वाकडी हुईल. अर्धा तास बसा गप." खाली उतरून त्यानं स्वतः मागच्या चाकाला दगड लावला, मुलांना रस्त्याच्या कडेपासून आत घ्यायला सांगितलं आणि निघून गेला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, ती रुखरुख अजून आहे.

तेव्हा घाट उतरण्याआधीच गिअर खाली घ्या. ज्या गिअरमध्ये चढ चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा. ऑटोमॅटिक असेल तर एल, दोन किंवा मॅन्युअल मोड घ्या, गाडीच्या पुस्तिकेत ते दिलेलं असतं. ब्रेक दाबून धरू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा. वास आला तर पुढच्या रुंद जागेची वाट न बघता, मागचं-पुढचं वाहन पाहून, मिळेल तिथे डोंगराकडे गाडी घ्या. पेडल मऊ लागलंच तर ते भराभर दोन-चारदा मारा, गिअर एकेक खाली आणा आणि हँडब्रेक हळूहळू ओढा, झटक्यानं नको. थांबल्यावर गाडी गिअरमध्ये किंवा पार्किंगवर ठेवा, चाकाला दगड लावा आणि ब्रेक आपोआप निवू द्या. निवल्यावर पेडल पुन्हा घट्ट झालं तरी थेट साताऱ्यात मेकॅनिककडे जा. तापून उकळलेलं ब्रेक ऑइल बदलावं लागतं.

पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट चढलात तर याच्या उलट दुखणं, इंजिन तापण्याचं. शनिवारी सकाळी तिथे गाड्यांची रांग लागते आणि एसी चालू ठेवून रांगत चढलं की काटा वर जातो. एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा. नाहीच उतरला काटा तर बाजूला थांबून बॉनेट उघडा. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं. पुण्यातून सहाच्या आत निघालात तर शक्यतो ही वेळच येत नाही. धुक्यात हेडलाइट डिपरवर ठेवा आणि चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर लावू नका. तुम्ही वळताय की थांबलाय, हे मागच्याला कळत नाही.

कासला फोटो बघून येणं

मला प्रत्येक हंगामात फोन येतात, "अरे, इथे तर काहीच नाही!" तारीख विचारली की निघतं, मे महिना किंवा दिवाळीची सुट्टी. कासचा बहर साधारण ऑगस्टअखेर सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ओसरतो. पाऊस लांबला तर तोही मागेपुढे होतो. सगळ्यांना हवा असतो तो अख्खी टेकडी जांभळी झाल्याचा फोटो. तो बहुधा टोपली कारवीचा असतो, आणि ती कारवी जोमानं फुलते सात वर्षांतून एकदा. दर वर्षीचं कास वेगळं असतं. एका आठवड्यात तेरड्याचा गुलाबी, दुसऱ्यात सोनकीचा आणि कवल्याचा पिवळा, मधूनच गेंदाचे पांढरे ठिपके.

उभ्यानं बघणं ही तिथली खरी चूक. पायवाटेवरच उकिडवं बसा. ओलसर खडकाच्या कडेला निळसर-जांभळं, करंगळीच्या नखाएवढं फूल दिसेल. ती सीतेची आसवं. एवढीशी नाजूक दिसतात, पण वनस्पती कीटकभक्षी. जमिनीखाली तिच्या बारीक पिशव्या असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यांत अडकतात. जांभ्या दगडावर मातीचा थर इतका पातळ, की झाडाला अन्न असं दुसरीकडून मिळवावं लागतं. म्हणूनच फोटोसाठी फुलांत पाय टाकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पठारावर साडेआठशेच्या आसपास वनस्पतींची नोंद आहे, २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारसा यादीत गेलं, आणि ते सगळं त्या वीतभरही नसलेल्या मातीवर उभं आहे. एकदा तुडवलेली माती पुढच्या सरीत वाहून जाते.

हंगामात ऑनलाइन बुकिंग करूनच या. गाड्या कुठे लावायच्या, वेळा कोणत्या, शुल्क किती, हे त्या त्या वर्षी बदलतं, निघण्याआधी पाहून घ्या. रविवार शक्यतो टाळा. बुकिंग न करता वर पोचलात आणि आत सोडलं नाही, तर गेटवर वाद घालत बसू नका. तसेच पुढे बामणोलीकडे जा, नाहीतर खाली उतरून अजिंक्यतारा किल्ल्यावर. भर पावसात पोचलात तर तासभर थांबा. पाऊस उघडून ऊन पडलं की तेच पठार पुन्हा बघा.

वासोटा किल्ल्याला जायला अकरा वाजता बामणोलीत पोचणं

सांगलीच्या वहिनींचा हा अनुभव. पहाटे सांगलीहून निघाले, वाटेत नाष्ट्याला दोनदा थांबले, बामणोलीत अकरा वाजले. त्या वेळेला वासोट्याला सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. शिवसागर जलाशयातून बोटीनं पलीकडे जायला साधारण दीड तास, पुढे दाट जंगलातून दोन-अडीच तासांची चढण, तेवढंच परतणं. सगळा भाग कोयना अभयारण्यात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो. अंधाराच्या आत माघारी यावंच लागतं आणि वर मुक्काम करता येत नाही.

आदल्या रात्री बामणोलीत किंवा कासच्या अलीकडे मुक्काम करा. सकाळी वनखात्याची परवानगी काढायला सगळ्यांची ओळखपत्रं हाताशी ठेवा. बोटीचं भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं, म्हणून दोघे-तिघेच असाल तर धक्क्यावर दुसऱ्या छोट्या गटाशी बोलून बघा. प्लॅस्टिक मोजून नेलं आणि मोजून परत आणलं जातं, तेव्हा डबा स्टीलचा घ्या. पावसाळ्यात वासोटा बंद असतो. रोख पैसे जवळ ठेवा, रेंजचा भरवसा नाही. आणि गाडीची टाकी साताऱ्यातच भरून घ्या.

वहिनींनी त्या दिवशी काय केलं, तर बामणोलीतच बोटीची छोटी फेरी मारली, भाकरी-पिठलं खाल्लं, पाण्याकडे बघत तासभर बसल्या. अजूनही म्हणतात, वासोटा झाला नाही तरी दिवस छान गेला.

लहान वाटणाऱ्या चार गोष्टी

चाळकेवाडीला छत्री नेऊ नका. पवनचक्क्या तिथे उगाच उभ्या केलेल्या नाहीत, छत्री उघडताक्षणी उलटी होते. टोपी असलेला रेनकोट घ्या.

ठोसेघरला धबधबा समोरच्या गॅलरीतूनच बघा. शेवाळलेल्या दगडांवरून खाली उतरायच्या नादात माणसं गेली आहेत.

कंदी पेढे गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवू नका. खवा तपकिरी होईपर्यंत भाजलेला असतो, त्यामुळे कंदी पेढा साध्या पेढ्यापेक्षा जास्त टिकतो. पण ताजे, कोमट पेढे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधले की आत वाफ धरते आणि तिसऱ्या दिवशी बुरशी येते. कागदी खोक्यातच ठेवा, घरी गेल्यावर खोकं उघडून वारा लागू द्या. घ्यायचे ते शहरात येऊन, राजवाडा-मोती चौकाच्या बाजूला, आधी एक चाखून घ्या. घशात खरपूस भाजल्यासारखी चव रेंगाळली पाहिजे.

लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवर अनेक जण मुलांना सांगतात, ही १६४१ ची. शिलालेखातले १६४१ ते १६४६ हे आकडे शकाचे आहेत. इसवी सनात ते १७१९ ते १७२४ होतं, म्हणजे थोरल्या शाहू महाराजांचा काळ, आणि बांधणाऱ्या वीरूबाई भोसले. विहिरीच्या पोटात महाल आहे, तिथे जायचा जिना आहे, पण वरच्या कठड्यावर बसून सेल्फी काढू नका. खाली खोल पाणी आहे.

रेल्वेनं येऊन 'गावात' उतरलो असं समजणं

सातारा स्टेशन गावात नाही. ते कोरेगाव रस्त्याला, क्षेत्र माहुलीजवळ आहे. रात्री उतरणार असाल तर रिक्षा किंवा मुक्कामाच्या ठिकाणची गाडी आधी सांगून ठेवा. परतताना शहरातून स्टेशनला निघायला चांगला तासभर हाताशी ठेवा, हायवे ओलांडताना वेळ जातो.

आणि गाडी दोन तास लेट असल्याचा मेसेज आला तर फलाटावर बसून राहू नका. रिक्षा करून संगम माहुलीला जा. कृष्णा आणि वेण्णा तिथे मिळतात. रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. घाटाच्या पायऱ्या उतरून विश्वेश्वराच्या दगडी देवळापाशी या, शाहू महाराजांची समाधी कुठे आहे ते विचारा. महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचीही समाधी तिथे आहे, गावातलं कुणीही दाखवेल. संध्याकाळी पाण्याला पाय लावून बसलं की पलीकडच्या काठावरच्या देवळातली घंटा ऐकू येते. आमच्या कंपूतले आता मुद्दाम दोन तास आधी निघतात.